भाटघर स्टँडच्या नोंदीतलं शेवटचं वाक्य

भुताखेतांच्या गोष्टी सांगणारा पोरगा वर्गात सापडला की मी त्याला तासभर बाकावर उभा करत असे. बत्तीस वर्षं मास्तरकी केली. माझ्या तिरकस जिभेबद्दल भोरमध्ये कुणालाही विचारा. आपल्या मासिकात असले अनुभव छापून येतात तेही मी हसतच वाचत आलो. आणि आज मीच लिहायला बसलोय... बसणार नव्हतो, पण चार वर्षं झाली, कुणापाशी धड बोललो नाही.

लढाईचे दिवस होते. आमच्याकडच्या चार शिकलेल्या मंडळींनी भोर-वेल्हे भागाचा एक छोटा कोश काढायचं मनावर घेतलं — गावं, घाट, देवळं, धरण, बाजार, सगळ्यांच्या नोंदी. लिहिणारे गावोगावचे शिक्षक. आलेल्या नोंदींचा दर्जा तपासायला मी, नुकताच पेन्शनवर निघालेला. प्रत्येक वाक्य जागेवर जाऊन ताडून पाहायचं आणि 'छापावी', 'दुरुस्त करावी' किंवा 'रद्द' असा शेरा मारायचा. खोटं कशाला सांगू, 'रद्द' लिहिताना मला फार बरं वाटायचं. वेल्ह्याकडच्या एका गुरुजींनी तर माझ्या शेऱ्यांना कंटाळून लिहिणंच सोडलं.

एक दिवस 'भाटघर : मोटार-स्टँड' ही नोंद आली. लिहिणारे उत्रोलीच्या शाळेतले शितोळे गुरुजी. अक्षर सुरेख, पण मजकूर? स्टँडला 'प्रशस्त' म्हटलेलं. अहो, सहा लाकडी खांब आणि वर पत्रे, त्यात प्रशस्त ते काय? मोटारींच्या वेळा मिनिटांसकट दिलेल्या. पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर धापा टाकत येणाऱ्या मोटारी त्या, त्यांना कसली वेळ! आणि सगळ्यात शेवटी हे वाक्य — 'या स्टँडवर ठकूबाई नावाची एक बाई लढाईवर गेलेल्या मुलाची वाट पाहत रोज बसत असे. मुलगा दुपारच्या मोटारीने परत आल्यापासून ती येत नाही.' कोशात कुणाच्या आईचं काय काम? मी वाक्याखाली तांबडी रेघ ओढली. तरी नियम तो नियम, तपासायला निघालो.

दुपारची पुण्याची मोटार नुकतीच भोरकडे गेली होती. स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. एका बाकावर तेवढी एक म्हातारी बसलेली — मांडीवर फडक्यात काहीतरी बांधलेलं, शेजारी पाण्याचा तांब्या. पलीकडे चहाचं खोपट होतं. तिथल्या बाबूरावांना विचारलं, ही कोण?

"ठकूबाई," ते म्हणाले. "म्हादूची आई. पोरगं लढाईवर गेलंय, तीन वरसं झाली. रोज भाकरीचा ताजा तुकडा घिऊन येती. मोटार आली की आत शिरून पार मागच्या शिटापातूर बघून येती. डायवर बी थांबत्यात तिच्यापायी."

भाकरतुकड्याची रीत आपल्याला ठाऊकच आहे. माणूस लांबून आला की त्याच्यावरून तुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं आणि मग त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं. हिला घरापर्यंतही दम नव्हता. ती सगळं स्टँडवरच घेऊन बसायची.

म्हणजे नोंद चुकली होती. बाई तर इथं बसलेली! मला चूक सापडल्याचा आनंद झाला, हे लिहिताना आज लाज वाटते. तसाच उठून गेलो नि तिला म्हणालो, "काय हो बाई, तुम्ही अजून इथं कशा? तुमचा मुलगा आला असं लिहिलंय."

तिनं मान वर केली. "कुठं लिवलंय?"

"या कागदात."

"काय लिवलंय त्ये वाचा की, मास्तर."

आणि मी वाचलं. वर्गात वाचतात तसं, खणखणीत. तिनं पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा वाचलं. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला की मी काय करून बसलोय. तिच्या लेखी शाई लावलेला कागद म्हणजे सरकारी कागद. मी घाईघाईनं म्हणालो, "बाई, लिहिणाऱ्याची चूक असेल हो ही."

"न्हाई वो. कागदात आलंय म्हंजी त्यो निघालाय तिकडनं. दुपारच्या मोटारीनं, व्हय ना? आजची तर गेली. मंग उद्या." तांब्या उचलून ती लगबगीनं चढावरच्या आपल्या घराकडे निघालीसुद्धा.

बाबूराव माझ्याकडे बघत होते. "मास्तर, ह्ये काय केलंत तुमी?"

तिथून मी तणतणत उत्रोली गाठली. शितोळे गुरुजींसमोर नोंद आपटली. त्यांनी वाचलं आणि खालीच बसले. मग पेटीतून कच्चा मसुदा काढून माझ्या हातात दिला. त्यात शेवटचं वाक्य 'ठकूबाई मुलाची वाट पाहत रोज बसते' इतकंच होतं. पुढे काही नाही.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले, "पण हे मी लिहिलेलं नाही. मुलाची पत्रं तिला मीच वाचून दाखवायचो. दीड वर्षात एकही आलं नाही. मी असं कशाला लिहीन?"

मी त्यांना वाट्टेल ते बोललो. खोटारडे म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "माझी नोंद रद्द करा," एवढंच म्हणाले, "पण उद्या तिला जाऊन खरं काय ते सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत मी स्टँडवर हजर. ती माझ्याआधी आलेली. हिरवं लुगडं नेसलेली, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातलेला. म्हणाली, "तांदळाची खीर करून ठिवलीया. त्याला लई आवडती." 'बाई, माझी चूक झाली' — मला सांगायचे ते चार शब्द तर होते. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला आणि स्वतःची एक सांगताना माझी दातखीळ बसली. तिच्या शेजारी जाऊन बसलो. मोटार लांब दिसू लागली तरी मला धीर झाला नाही.

मोटार थांबली. ती आत चढली. बाबूराव म्हणत, रोज क्षणात खाली येते. त्या दिवशी बराच वेळ लागला. मग ती पाठमोरी उतरली, कुणाचा तरी हात धरल्यासारखी. "हळू रं, हळू," म्हणत होती. तिच्यामागून कुणीही उतरलं नाही. मी दारापासून दोन हातांवर उभा होतो, माझे डोळे तेव्हा चांगले होते.

तिनं फडकं सोडलं. तुकडा हातात घेऊन हवेत ओवाळला. मान वर करून, आपल्यापेक्षा उंच माणसाकडे बघतात तशी. तो मोडून दोन्ही बाजूंना टाकला. मग वाकून तांब्यातलं पाणी ओतलं. धूळ भिजत गेली आणि मध्ये दोन जागा कोरड्याच राहिल्या. पावलांएवढ्या, शेजारी शेजारी. मी वाकून पाहिलं. डोळे चोळून पुन्हा पाहिलं.

जाताना ती माझ्याजवळ थांबली. "मास्तर, तुमचा कागद खरा निघाला. लई उपकार झालं तुमचं." मग बाजूला बघून म्हणाली, "किती वाळलास रं." पायवाटेची चांगली बाजू सोडून ती कडेकडेनं, दगडांतून चढत गेली. कायम घाई करणारा तो ड्रायव्हर, त्यानंही मोटार हलवली नाही. मी बाबूरावांच्या बाकड्यावर बसलो आणि रडलो. लहानपणी आई गेली, त्यानंतर तेव्हाच.

सकाळी ठकूबाई गेल्याचा निरोप आला. झोपेतच गेल्या होत्या. मी पोचलो तेव्हा बायका घरात होत्या. चुलीपाशी दोन ताटं घासून पालथी घातलेली होती, खिरीचं पातेलं रिकामं होतं. पुढे काही आठवड्यांनी लष्कराचं पत्र आलं. जिला वाचून दाखवायचं तीच उरली नव्हती, म्हणून शितोळे गुरुजी ते घेऊन माझ्याकडे आले. म्हादू सहा महिन्यांपूर्वीच लांब मुलखात लढाईत मारला गेला होता. मी गुरुजींची माफी मागितली. आयुष्यात मागितलेली ती पहिलीच.

कोश काही निघाला नाही. नोंद माझ्या ट्रंकेत आहे. ते वाक्य कुणी लिहिलं हे गुरुजींना ठाऊक नाही, मलाही नाही. धुळीतल्या त्या दोन कोरड्या जागांचा अर्थही मला अजून लागलेला नाही. माझ्या जिवाला खातो तो प्रश्न वेगळाच आहे. म्हादू आईला न्यायला निघालेलाच होता, की मी ते वाक्य वाचलं म्हणून ती गेली?

गेल्या महिन्यात भाटघरला थांबलो तेव्हा बाबूरावांना विचारलंच. म्हटलं, "मी तोंड उघडलं नसतं तर आज ती इथं असती, नाही का?"

"असती की," ते म्हणाले. "ऱ्हाती बसून उनातान्हात. त्यो आता यायचा न्हाई म्हून तिला कुनी सांगितलं असतं? तुमी?"