सुचित्राचं पाचारण

“चर्चमध्ये माझ्या नावाने साक्ष द्यायला तुला सांगितलं कोणी?”

“हळू बोल. भाविका ऐकतेय.”

“ऐकू दे की. अख्ख्या मंडळीने ऐकलं, तिने ऐकलं तर काय बिघडलं? सुचित्रालाही देवाने बोलावलंय म्हणे. रडत रडत तिने होकार दिला म्हणे. सौरभ, मी कधी रडले?”

“फेब्रुवारीत रडली होतीस.”

“दाढ दुखत होती माझी.”

सौरभने उपासनेचे इस्त्रीचे कपडे अजून बदलले नव्हते. ओट्याला टेकून तो शर्टाची बाही दुमडत होता, पुन्हा सोडत होता. सुचित्रा पाट्यावर वाटण वाटत होती, जरा जास्तच जोरात.

“मला नुसतं विचारायचं तरी.”

“देवाने बोलावल्यावर बायकोला विचारतात का?”

तिने वरवंटा खाली ठेवला.

पाटा-वरवंटा हीसुद्धा ट्रेनिंगचीच देणगी. गेलं वर्षभर सौरभ, सुचित्रा आणि त्यांची लेक भाविका असे तिघं मिशनरी म्हणून कंबोडियाला जायची तयारी करत होते. तुर्भ्यात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दर शनिवार-रविवार वर्ग भरायचा. परदेशात काय मिळेल, काय नाही याचा भरवसा नसतो, म्हणून घरातली एकेक वस्तू वापरायची थांबवायची असा तिथला शिरस्ता. आधी टीव्ही गेला, मग वॉशिंग मशीन, मग मिक्सर. सानपाड्याच्या त्यांच्या सोसायटीत अफवा पसरली, की सौरभची तळोज्यातली केमिकल कंपनी बंद पडली. सुचित्राला हसू यायचं. कंपनी ठणठणीत होती. राजीनामा सौरभनेच दिला होता.

आणि आज संध्याकाळी निकाल होता. नवरा-बायको दोघांनाही पाचारण, म्हणजे देवाचं आतून बोलावणं, झालेलं असेल तरच संस्था कुटुंबाला पाठवायची. वर्ग घेणाऱ्या तेजश्रीताई प्रत्येकाला एकट्याला बसवून विचारणार होत्या. एकाचं ‘नाही’ आलं की जाणं रद्द. हो म्हटलं तर सुचित्रा देवासमोर खोटं बोलणार. नाही म्हटलं तर सौरभच्या हातात ना कंबोडिया, ना नोकरी.

खोट्या साक्षीचं तिला लहानपणापासून वावडं. श्रीरामपूरकडच्या एका छोट्या चर्चमध्ये तिचे वडील हौसेराव घंटा वाजवायचे, सतरंज्या घालायचे. एकदा एका गृहस्थांनी साक्ष द्यायला उभं राहून सांगितलं, नुसत्या प्रार्थनेने माझा ताप उतरला. मंडळीने टाळ्या वाजवल्या. नंतर सतरंज्या गुंडाळताना हौसेराव लेकीला म्हणाले, “गोळ्या कुठून आणल्या, ते बी सांगायचं ना याने. देवाला काय राग आला असता व्हय?”

ट्रेनिंगमध्ये मजा अशी, की जिला बोलावणं आलं नव्हतं तिलाच ते काम जमत होतं. एका शनिवारी ताईंनी सगळ्यांचे फोन आणि पाकिटं काढून घेतली. म्हणाल्या, “अनोळखी घरी जेवून या. धर्माचं बोलायचं नाही, भीक मागायची नाही. माणूस म्हणून कोणी आत घेतंय का बघा.”

सौरभ दुपारभर फिरला. दारात उभं राहून अदबीने विचारायचा, “दोन मिनिटं बोलू शकतो का?” लोकांना वाटायचं, हप्त्याची वसुली करणारा आला. एका बाईने तर आतूनच सांगितलं, मालक गावाला गेलेत. तो उपाशी परतला.

सुचित्रा तुर्भे गावात एका ओटीवर टेकली. उन्हाने डोकं दुखत होतं, एवढंच कारण. गोजराबाई नावाची म्हातारी जवळ्याची सुकट निवडत होती.

“कोनाची गो तू?”

“इथली नाही, मावशी. सानपाड्याची.”

“मंग लांबची कशी? बस, पानी पी.”

सुचित्राने न विचारता सूप पुढे ओढलं आणि जवळा निवडायला लागली. तासाभराने तांदळाची भाकरी पुढ्यात आली. त्यानंतर ती अधूनमधून गोजराबाईकडे जातच राहिली, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

हे ऐकून ताई सौरभला म्हणाल्या होत्या, “बायकोकडून शिका जरा.” तो सगळ्यांसोबत हसला. घरी येताना मात्र दोन पावलं पुढेच चालत राहिला.

संध्याकाळी तिघं तुर्भ्याला गेले. आधी सौरभ आत जाऊन आला. मग सुचित्रा. भाविका बाहेर बाकावर कंबोडियाच्या ख्मेर भाषेत आकडे म्हणत बसली होती, “मोय, पी, बेय.”

तेजश्रीताई बशीतून चहा पीत होत्या. “बोला.”

“मला पाचारण नाही झालेलं, ताई.”

“भीती वाटते?”

“नाही.”

“घर सोडवत नाही?”

“अर्धं घर तर तुम्हीच सोडवलंत. तसं काही नाही. मला ऐकू आलेलं नाही, एवढंच. वर्षभर कान देऊन बसले.”

“मग वर्षभर आलात कशाला?”

“सौरभला आलंय ना. वाटलं, मलापण येईल हळूहळू.”

ताईंनी सौरभला आत बोलावलं आणि सरळ सांगितलं. त्याने सुचित्राकडे पाहिलंच नाही.

“ताई, ती दमलीय. एक महिना द्या आम्हाला. मी समजावतो.”

“मला कशाला सांगताय? ती इथेच बसलीय.”

सुचित्राने खुर्ची त्याच्याकडे वळवली. सकाळचा राग आता उरला नव्हता.

“सौरभ, मी येईन. पाचारण नसताना, तुझी बायको म्हणून येईन. ताईंना चालणार नसेल तर थांबू, दुसरा रस्ता शोधू. पण सुचित्रा, तू येशील का, असं तू मला एकदाही विचारलं नाहीस. देवाला विचारलंस, चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलंस. आता मला विचार.”

खाली रस्त्यावर एक ट्रक पीं-पीं करत रिव्हर्स येत होता. ताईंनी बशी खाली ठेवली.

“देवाने…” सौरभने सुरुवात केली.

“देवाचं नको सांगू. तू विचार. विचारशील?”

तो उठला. खुर्ची टेबलाला नीट लावली आणि बाहेर गेला.

“पप्पा, झालं?” भाविकाचा आवाज आला. मग नुसती जिन्यावरून उतरणारी त्याची पावलं ऐकू येत राहिली.