राजा गप्प आहे

लातूरच्या बसस्टँडवर उज्वलाचा आवाज ओळखीचा होता. देवणी, शिरूर अनंतपाळ, कंधार... माईकवरून ती गावांची नावं अशी घ्यायची की झोपलेला माणूससुद्धा बरोबर आपल्या गाडीला उठायचा. मग एका सकाळी चहा गाळता गाळता तिला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय महिन्याभरात सावरले, पण बोलणं गेलं. मनात शब्द असायचा, तोंडात यायचा नाही. ऐकलेलंही कधीकधी भलत्याच ठिकाणी तुटायचं. एका शब्दाचं शेपूट दुसऱ्याला चिकटायचं.

नवरा हणमंतराव जिवापाड जपायचे. तिनं "पा..." म्हणायच्या आत पाण्याचा पेला पुढं करायचे. तिला कधी पावडर हवी असायची, कधी पाऊस आला का विचारायचं असायचं. ती गपचूप पाणी प्यायची. हळूहळू तिनं तोंड उघडणंच सोडलं.

वरच्या मजल्यावर वहिदा आपा राहायच्या. त्यांची लेक नाझनीन शाळेत शिकवायची आणि रविवारी दुपारी तिच्याकडे एक खेळ रंगायचा. फासे टाकायचे, कुणी तलवारबाज व्हायचं, कुणी जादूगार, आणि नाझनीन सांगेल त्या अद्भुत राज्यात फिरायचं. तिच्या शाळेतला दुसरा शिक्षक शिवमही यायचा. एका रविवारी नाझनीन खाली आली आणि म्हणाली, "मावशी, आमाला एक जादूगारीण कमी पडून राहिली. चला."

हणमंतराव म्हणाले, "आगं, तिला बोलता येत न्हाई."

"आमची जादूगारीण कमीच बोलती, काका."

उज्वला गेली. पहिले काही रविवार तिनं नुसते फासे टाकले. पण त्या घरात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. तिची पाळी आली की सगळे थांबायचे. वहिदा आपा भजी तळता तळता गॅस बारीक करायच्या. तिच्या तोंडातला शब्द कुणी ओढून घेत नव्हतं.

असाच खेळ चालू असताना ते एका गुहेत पोचले. आत सिंहासनावर दगड झालेला राजा, मागं बंद दार. नाझनीननं सांगितलं, "राजाच्या पायाशी एक ओळ कोरलेली हाय. राजाला काय हवंय, ते त्याच ओळीत दडलंय. त्या गोष्टीचं नाव घ्या, दार उघडंल. ओळ अशी: राजा गप्प आहे."

"गप्प हाय म्हंजे त्याला आवाज हवाय!" शिवम म्हणाला.

"सर, ओळीत आवाज कुठं हाय?"

शिवमनं ओळ उलटी वाचून पाहिली, पहिली अक्षरं जुळवली, शेवटची जुळवली. काही हाती लागेना. नाझनीननं मग उज्वलासाठी ओळ पुन्हा म्हटली, एकेक अक्षर सुटं करत.

"रा... जा... ग... प्प."

उज्वलाच्या कानात ओळ नेहमीसारखी भलत्याच जागी तुटली. आणि तुटलेल्या तुकड्यात एक अख्खा शब्द होता.

"जा..."

"कुठं जायचं, मावशी? मागं?" शिवमनं विचारलं.

तिनं जोरात नकारार्थी मान हलवली. वहिदा आपांनी गॅसच बंद केला. उज्वलाच्या कपाळावर घाम आला. शब्द जिभेवर येऊन मागं सरकत होता. तिनं साडीचा पदर मुठीत धरला आणि म्हणाली,

"जा...ग. जाग!"

शिवमनं कागदावरच्या ओळीवर बोट ठेवलं. राजातला 'जा', गप्पमधला 'ग'. "आयला!" तो ओरडला.

नाझनीननं खेळ सोडला नाही. "राजाला जाग आली," ती म्हणाली. "त्यानं डोळे उघडले. दार उघडलं."

उज्वला हसता हसता रडली. तिला आभार मानायचे होते. "ध... ध..." शब्द काही येईना. वहिदा आपांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "सावकाश गं. आमी हाव इथंच."

ते आभार शेवटी पाडव्याच्या आसपास मानले गेले, तेही अर्धेच. डॉक्टरांनी दिलेले बोलण्याचे व्यायाम तिनं पुन्हा सुरू केले होते. बोलणं पूर्ण परत आलं नाही, माईकची नोकरीही नाही. पण ती भाजीवाल्याशी घासाघीस करू लागली, फोन उचलू लागली. एकदा हणमंतरावांनी सवयीनं पाण्याचा पेला पुढं केला, तेव्हा तिनं तो खाली ठेवला.

"था... थांबा," ती म्हणाली. "मला... पापड."

हणमंतराव खुर्ची ओढून समोर बसले. "बरं," ते म्हणाले, "भाजू का तळू?" आणि उत्तर येईपर्यंत थांबले.