ऑब्रीच्या वरची बोली

लेमस्टर गावच्या लिलावघरात बायका तशा कमीच, आणि फायरप्लेसच्या सामानात उभं आयुष्य घालवलेली तर एनिड प्रीस एकटीच. विस्तवासमोर ठेवायचे बुटके पितळी कठडे, म्हणजे फेंडर. राख ओढायची खोरी, चिमटे, सळया, कोळशाच्या बादल्या, लाकडं टेकवायच्या लोखंडी घोड्या. असला जुना माल ती लिलावात घ्यायची आणि घासूनपुसून विकायची. नवरा होता तोवर उचलाउचल तो करायचा. तो गेला आणि ती सगळी तिच्या कमरेवर आली.

धंद्यात आता राम उरला नव्हता. नव्या घरांना धुराडीच नसायची. जुन्या घरांतली लोकं धुराडं बुजवून पुढ्यात टीव्ही ठेवायची. अधूनमधून हौशी जोडपी यायची, फेंडरवर हात फिरवून ‘किती गोड आहे’ म्हणायची आणि चहा पिऊन निघून जायची. एनिडच्या मागच्या शेडमध्ये पितळ काळं पडत होतं. पूर्वी ते तिला बघवत नसे. आता ती दार लावून घ्यायची.

त्या नोव्हेंबरात लिलावाच्या आदल्या दिवशी सियानचा फोन आला. सियान म्हणजे ऑब्री ग्विलियमची लेक. ऑब्री हा ह्याच मालातला जुना व्यापारी, एनिडपेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठा. ती नवीन असताना त्याने अख्खा हंगाम तिला एकही बरी वस्तू मिळू दिली नव्हती. ‘ही पोरगी उन्हाळ्यापर्यंत पळते बघा,’ असं तो चहाच्या टेबलावर सगळ्यांना सांगायचा. ती पळाली नाही. तेव्हापासून एकमेकांच्या वर बोली लावण्यात दोघांची वर्षं गेली.

“मावशी, उद्या बाबांना काही घेऊ देऊ नका,” सियान म्हणाली. “कोठार भरलंय. आठवड्यापूर्वी घेतलेलं त्यांना आठवत नाही, तसलंच पुन्हा आणतात. परवा एक घोडी उचलताना पडले.”

“मग त्याला सांग ना तू.”

“रोज सांगते. रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकतात.”

“लिलाववाल्याला सांग.”

“सांगितलं. तो म्हणतो, चार लोकांत त्यांनी हात वर केला तर मी काय आंधळ्याचं सोंग घेऊ? ...मावशी, तुम्ही त्यांच्या वर बोली लावता तेव्हाच ते थांबतात. बाकी कुणाला बधत नाहीत.”

एनिडला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं की कारणं द्यावी लागतात, आणि तेवढं त्राण तिच्यात नव्हतं.

सकाळी ऑब्री टाय बांधून हजर. शेजाऱ्याने त्याला गाडीतून सोडलं होतं. मालामधून हिंडताना तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचा, फेंडर उलटा करून पाय चाचपायचा, मान डोलवायचा. बघणाऱ्याला वाटलं असतं, ह्याला काय झालंय? ठणठणीत तर आहे.

“आलीस का पोरी?” तो म्हणाला. “घरी बसून मोजे विणायचं वय झालं तुझं.”

“तू आधी बस. मग मी विणते तुझ्यासाठीच.”

पहिली निघाली कोळशाची बादली. ऑब्रीने बोली लावली, एनिडने वर लावली. त्याने लावली, तिने लावली. बादली तिच्या गळ्यात पडली. बुडाला गंजून भोक पडलेलं होतं. मग लोखंडी घोड्यांची जोडी आली. त्यातली एक दुसऱ्या कुठल्यातरी जोडीतली होती, हे एनिडला लांबूनच दिसत होतं. तरी तिने घेतली. मग चिमट्या-सळयांचा एक संच, मग जुना म्हणून खपवलेला, पण कारखान्यातून निघालेला एक नवाच फेंडर. मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“एनिडबाईंना काय लॉटरी लागली काय?” कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

ती हसली नाही. हे सगळं ठेवायचं कुठे, गाडीत चढवायचं कुणी, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. प्रत्येक हातोडीसरशी कंबर थोडी जास्त दुखत होती. आणि डावीकडे आपल्या नेहमीच्या खुर्चीत ऑब्री फुलत चालला होता. गालांवर रंग चढला होता, पाठ सरळ झाली होती. हरल्यावर तो मान वळवून तिच्याकडे बघायचा आणि भुवई उडवायचा.

जेवणाच्या सुट्टीआधी चांगला माल निघाला. पुढची बाजू नागमोडी वळवलेला, जाळीदार कोरलेला, खाली सिंहाचे पंजे असलेला पितळी फेंडर. एनिडला तो एरवीही हवा असता. बोली चढू लागली. बाकीचे गळाले आणि पुन्हा दोघंच उरली. ऑब्री आता घाई करत नव्हता. कान खाजवायचा, छताकडे बघायचा, संपलं असं वाटू द्यायचा आणि अगदी शेवटच्या क्षणाला बोट उचलायचा. हा जुना ऑब्री होता, ज्याच्यामुळे ती कधीकाळी गाडीत बसून रडली होती.

“बाई, तुमच्याकडे आणखी बोली आहे का?” लिलाववाल्याने विचारलं.

तिच्याकडे नव्हती. दया आली, माया दाटली असं काही नाही. हात मांडीवर होता, तो वर उठेना, इतकंच. आपण दिवसभर काय करत बसलोय, असं तिला झालं. हातोडी पडली. फेंडर ऑब्रीचा झाला.

चहाच्या टेबलावर तो तिच्यासमोर येऊन बसला. तिने दोघांसाठी बेकनचे पाव घेतले होते. त्याने आपला अर्धा खाल्ला, बोटं पुसली आणि पुढे झुकून हळू आवाजात विचारलं, “तो नागमोडी निघाला का गं? मला घ्यायचाय तो.”

एनिडने कप खाली ठेवला. “निघाला. तूच घेतलास.”

“मी?” तो थबकला. डोळ्यांत क्षणभर भीती आली, मग ती गेली. “केवढ्याला?”

“महाग.”

“म्हणजे तूच बोली चढवली असणार!” आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला. तिने उठून त्याची पाठ थोपटली.

हमालांनी ऑब्रीच्या फेंडरसकट सगळं तिच्या गाडीत भरलं. ऑब्रीला घरी सोडताना वाटेत त्याने दोनदा विचारलं की हा एवढा माल कुणाचा. दोन्हीदा तिने ‘माझा’ म्हणून सांगितलं.

सियान दारातच होती. गाडीतून फेंडर निघालेला पाहून तिचा चेहरा उतरला. “मावशी, एवढंच तर सांगितलं होतं.”

“आत बघ,” एनिड म्हणाली.

सियानने गाडीत डोकावलं. भोकाची बादली, विजोड घोड्या, नवा फेंडर, सळयांचा ढीग. तिने बादली उचलून भोकातून बोट घातलं. मग म्हणाली, “हे सगळं तुम्ही...?”

“शेवटचा नाही जमला गं. दमले.”

दोघींनी मिळून फेंडर बैठकीत नेला. फायरप्लेसमध्ये आता विजेचा हीटर बसवलेला होता. त्याच्यापुढे फेंडर ठेवल्यावर ऑब्रीने नाक मुरडलं. “हीटरपुढे फेंडर! कुठल्या गाढवाची अक्कल ही?” पण खुर्ची त्याने तिकडेच ओढली, बूट पितळेवर टेकवला आणि थोड्याच वेळात टाय न सोडता झोपी गेला. सियान स्वयंपाकघरात जाऊन रडून आली. एनिडने गाडीची किल्ली काढली. तिला फक्त घरी जायचं होतं.

माल चार-पाच दिवस गाडीतच राहिला. पुढच्या लिलावात तिने तो तसाच विकायला लावला आणि बराच तोटा सोसून एकदाचा हातावेगळा केला. ऑब्री आला नव्हता. सकाळी टाय शोधत होते, मग कशासाठी ते विसरले, असं सियानने फोनवर सांगितलं. त्यानंतरही तो कधी आला नाही.

त्याच लिलावात एक बरा लोखंडी फेंडर निघाला, पितळी गोळ्यांचा, जुन्या घडणीचा. एनिडने सवयीने बोली लावली आणि सवयीनेच डावीकडे पाहिलं. ऑब्रीच्या खुर्चीवर कुणाचा तरी ओला कोट पडला होता. लिलाववाल्याने दोनदा विचारलं, कुणी बोललं नाही, हातोडी पडली. इतक्या स्वस्तात तिला आयुष्यात फेंडर मिळाला नव्हता. ती थोडा वेळ बसून राहिली, मग कमरेला हात देऊन उठली आणि गाडी दाराशी घ्यायला गेली.