रज्जाकभाईंचा पाय

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढेही नाही, आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही असा तिचा समज आहे. तुम्हाला सांगायला बसलोय खरा — पण सुरुवात कुठून करू? गाडीपासून? की रज्जाकभाईंपासून?

गाडीपासून करतो. ते सोपं आहे.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरचा हिवाळा. उंब्रजला रस्त्याच्या कडेला माझं छोटं गॅरेज होतं. गावात निवृत्त सुभेदार होते, त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांच्याकडे एक जुनी विलायती मोटार, आणि ती चालवायला रज्जाकभाई. मला स्टिअरिंग धरायला शिकवलं तेही रज्जाकभाईंनीच.

त्या हिवाळ्यात गाडी सकाळी सुरूच होईना. भाई संध्याकाळी बॉनेटवर गोधडी घालायचे, सकाळी रेडिएटरमध्ये बंबातलं कोमट पाणी ओतायचे, आणि मग इंजिनाला पुढून लोखंडी हँडल लावून ते मारून मारून घामाघूम व्हायचे. दुपारी माझ्याकडे आणली की मात्र एका झटक्यात सुरू! मी प्लग बदलले, पॉइंट घासले, बॅटरी पाहिली. काही म्हणजे काही उमगेना. आता वाटतं, किती येडा होतो मी — गार इंजिनाचं दुखणं गरम इंजिनावर शोधत होतो. कशीबशी सुरू करून तीन गल्ल्या फिरून आलेली गाडी माझ्यापुढे कशाला रुसेल?

शेवटी आबांनी निरोप धाडला आणि मी सकाळीच त्यांच्या अंगणात गेलो. बॉनेटवर दहिवर होतं. भाईंनी आत बसून चोकची मूठ ओढली, मी बॉनेटखाली वाकलो. मूठ ओढली की कार्बोरेटरच्या तोंडावरचं झाकण मिटतं, गार इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळतं. झाकण हललंच नाही. मुठीपासून झाकणापर्यंत येणारी तार धरून ठेवणारा बारका स्क्रू ढिला होता. दिवाळीआधी कार्बोरेटर साफ करून ती तार कुणी बसवली होती? मीच. आवळायची राहिली होती — माझ्याच हातून.

मी स्क्रू आवळला. कुणी पाहिलं नाही. मग मी आत बसलो, चोक ओढला आणि भाईंना हँडल मारायला सांगितलं. अर्ध्या फेऱ्यात इंजिन सुरू झालं.

"काय झालतं रं?" आबांनी विचारलं.

"काय न्हाई आबा. भाईंचा पाय जड हाय. हँडल मारायच्या आदी अ‍ॅक्सिलरेटर लय दाबत्यात, प्लग पेट्रोलनं भिजत्यात."

दाबत होतेच ते. चोक चालत नसताना माणूस दुसरं काय करणार? पण मी असं का बोललो? आबांना भिऊन? छे — चूक कबूल केली की शिवी हासडून विसरून जायचे आबा, फौजेतली सवय. मग? तोंडातून निसटलं म्हणावं, तर दुसऱ्या दिवशी खरं सांगायला का गेलो नाही? आबांच्या दारावरूनच तर माझी वाट होती. इतकी वर्षं डोकं खाजवतोय, मला अजून कळलेलं नाही.

भाई भांडतील असं वाटलं होतं. ते आपल्या पायाकडे बघत राहिले. "आसंल गड्या," म्हणाले, "वय झालं."

गाडी रोज सुरू होऊ लागली, आणि माझं म्हणणं खरं ठरलं. महिनाभरात आबांनी पुतण्याला स्टिअरिंगवर बसवलं. भाईंनी दुसरीकडे काम मागितलंच नाही, त्यांचाच पायावरचा विश्वास उडाला होता. संध्याकाळी मात्र आबांकडे जाऊन गाडीवर गोधडी घालायचे. मी रस्त्यावरून बघायचो. फार लाज वाटायची, आणि तरी मी पुढे निघून जायचो.

भाई आता नाहीत. त्यांच्या जावयानं जुनी जीप घेतली तेव्हा भाईंनी मला मुद्दाम घरी बोलावलं होतं. थंडीतली सकाळ, जावई स्टिअरिंगवर, भाई दाराला हात लावून उभे.

"गार इंजनावर पाय हलका ठेव बाबा," ते त्याला सांगत होते. "मी उमरभर जड ठेवला, मला कळलंच न्हाई. ह्या गड्यानं दावलं."

जावयानं माझ्याकडे बघितलं. मी चहाची बशी तोंडाला लावली आणि मान डोलावली.