बीज्याची मान

आश्विनातल्या उन्हाला आमच्या गोंदियात दोन वास असत: गिरण्यांकडून येणारा उकड्या धानाचा आणि गोदामांतून येणारा तेंदूपानांचा. त्या वर्षी आमच्या रेल्वे क्वार्टरात तिसरा वास मिसळला होता, ताज्या तासलेल्या लाकडाचा आणि लाखेच्या पॉलिशचा. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. विलायतेला कायमचा निघालेला एक अँग्लो-इंडियन गार्ड आपली विजेवरची गिटार, तिच्या आवाजाच्या पेटीसकट, माझ्या यजमानांच्या हाती सोपवून गेला होता. हे पार्सल ऑफिसात कारकून. दिवसभर पेट्या आणि पोती मोजून संध्याकाळी त्या भरीव, तांबड्या वाद्यापुढे बसले की यांचा चेहराच निराळा दिसे. पण धानाच्या मुलखातला पाऊस त्या विलायती लाकडाला सोसला नाही. तिसऱ्या पावसाळ्यात गिटारची मान वाकली आणि तारा पट्टीपासून उचलल्या गेल्या.

देवरीकडच्या यांच्या घरी चुलीवरच्या माळ्यावर बीज्याची, म्हणजे बिवळ्याच्या कठीण लाकडाची, एक फळी वर्षानुवर्षं धूर खात पडली होती. तीच यांनी आणली आणि सदाराम सुताराला दिली. आवाज येतो तो पेटीतून, विजेच्या कृपेने, मग मान कुठल्या का झाडाची असेना, असं मी म्हटलं, तर हे चिडलेच. तारेचा कंप आधी मानेत उतरतो, मऊ लाकूड तो पिऊन टाकतं आणि कठीण लाकूड परत देतं, हे त्यांचं म्हणणं. शिवाय तळहाताखाली बीजा थंड आणि भरीव लागतो, बोटांना आपण कुठे आहोत ते न पाहता कळतं. सुनेचं कूळ पाहावं तसं ते लाकडाचं कूळ पाहत.

नवी मान बसली आणि पहिले काही दिवस घर सुरांनी भरून गेलं. एकेक स्वर असा लांबत जाई की चुलीवरचं दूध उतू गेलेलं मला कळत नसे. मग काहीतरी बिघडलं. अनामिका आणि करंगळीने धरलेले स्वर मधेच विझू लागले. दिवाळीत रेल्वेच्या हॉलमध्ये यांचं वादन ठरलेलं, आणि हे गिटार मांडीवरून उतरवून म्हणत, "मान बहिरी झाली व. हाताले लागूनच नाही राहिली."

माझा स्वभाव मुळात संशयी. माहेरी मला चाळणी म्हणत. सदारामच्या अंगणात मी नव्या बाजेचे पाय पाहिले होते, पिंगट, जड, थेट बीज्याच्या रंगाचे. माझ्या मनात लगेच हिशेब जुळला: बीजा बाजेला गेला आणि आमच्या वाट्याला ढोलकीला वापरतात ते शिवणीचं हलकं लाकूड आलं, वरून रंग आणि पॉलिश. सरळ त्याच्या दारात जाऊन मी विचारलं. त्याने रंधा खाली ठेवला.

"बाई, तुमचीच फळी हाय ते. बहिरं लाकूड मी मानेले लावीन कायले?"

"मग ह्यांना लागत का नाही हाताला?"

"ते मले काऊन पुसता? ज्याचा हात त्याले पुसा."

उद्धट मेला, असं पुटपुटत मी परतले. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! तरी त्याचं शेवटचं वाक्य पायात रुतलेल्या कुसळासारखं माझ्याबरोबर घरापर्यंत आलं.

बीज्याची पारख आमच्याकडे बायकांनाही ठाऊक असते. त्याचा भुगा पाण्यात टाकला की पाणी आधी पिवळं होतं, आणि उन्हात धरलं की त्यावर निळसर झाक तरळते. दुसऱ्या कुठल्याही लाकडाला रंग फासून ती झाक येत नाही. हे ड्यूटीवर गेल्यावर मी मान आणि धड जुळतं त्या सांध्याशी, जिथे पॉलिश पोचलं नव्हतं, सुरीने चिमूटभर भुगा खरवडला आणि काचेच्या पेल्यात टाकून पायरीवर उन्हात ठेवला. मग तिथेच बसून राहिले. उघड सांगते, सदाराम चोर निघावा म्हणून मी देवाला हात जोडले होते. कारण तो चोर नसेल तर दुसरं काय असेल, ते मला ठाऊक होतं. यांच्या डाव्या कोपराजवळ एक फिकट डाग होता. शिबं असेल, असं मी पावसाळाभर स्वतःला सांगत आले होते. महारोग हा शब्द मी मनातसुद्धा पुरता उच्चारला नव्हता. तो उच्चारला की नोकरी, क्वार्टर, शेजार, सगळंच हातातून जातं, हे मी दुसऱ्या घरांत पाहिलेलं होतं.

पाणी पिवळं झालं. मी पेला उचलून उन्हाकडे तिरपा केला, आणि काठाशी ती निळाई आली, अगदी स्वच्छ. इतकं सुंदर काही पाहून इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही.

हे परतले तेव्हा ऊन अजून पायरीवर होतं. मी चहा दिला. डोळे मिटा, म्हटलं, एक गंमत करायची आहे. हसत त्यांनी भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले, डावा हात माझ्या हातात दिला. मी म्हटलं, दाबते, कुठलं बोट ते सांगा. त्यांची करंगळी दोन बोटांत धरून मी नखाने दाबली. आणखी दाबली. त्वचेत नखाची चंद्रकोर उमटली, पांढरी, मग लाल.

त्यांच्या ओठांवर ते हसू तसंच होतं.

"दाब ना व," ते म्हणाले, "काऊन थांबून राहिलीस?"