ओपलबाईंनी न बांधलेला पाय

आमच्या बेथल फोर्क गावातल्या बायकांची पावलं कुणाला पाठ असतील, तर ती ओपल फ्लोरी यांना. आमच्या चर्चच्या मंडळीत प्रीतिभोजनाच्या पंगतीआधी एकमेकींचे पाय धुण्याची रीत आहे, आणि चाळीस वर्षं त्या पाण्याच्या टबापाशी गुडघे टेकून बसतात त्या ओपलबाई. कुणाच्या पायाला कुरूप आहे, कुणाच्या टाचेला भेगा आहेत, कोण नवऱ्याशी भांडून दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून आली आहे, सगळं त्यांना कळतं. त्या बोलत मात्र कधी नाहीत.

वय सत्तर. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. दोनशे कोंबड्या, एक म्हातारी घोडी आणि डाव्या पायाची लंगड एवढा संसार. त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून शाळेच्या मुलींच्या सामन्यांना त्यांना मी नेते. माझं काम मध्यंतरासाठी संत्री सोलायचं, त्यांचं खेळाआधी पोरींचे घोटे पट्टीने बांधायचं.

हे काम त्यांच्याकडे आलं तीन वर्षांपूर्वी. शाळेत मुलींचा बास्केटबॉल संघ निघाला, आणि मुलांचे घोटे बांधणारा माणूस म्हणाला, "पोरींच्या पायाशी मी बसणार नाही." शाळेत अंडी द्यायला आलेल्या ओपलबाईंनी टोपली खाली ठेवली. "घोड्यांचे बांधलेत मी. पोरी लाथा तरी कमी मारतात."

शाळेत टायपिंग शिकवणारे मिस्टर उलरी हेच मुलींचे कोच. त्यांनी नियमच केला: ओपलबाई जिचा पाय बांधणार नाहीत, ती खेळणार नाही. नियम करताना त्यांना काय ठाऊक, की तो एक दिवस रोंडा कीफाबरच्या पायावर येऊन पडेल!

रोंडा म्हणजे आमचा निम्मा संघ. शाळेचं शेवटचं वर्ष. शुक्रवारी उपांत्य सामन्यात उडी मारून ती कुणाच्या तरी बुटावर उतरली आणि घोटा मुरगळला. शनिवारी संध्याकाळी अंतिम सामना, तोही हॅलोवेलशी. त्यांच्या शाळेत हजार पोरं, आमच्या शाळेत एकशे चाळीस. गावातली तिन्ही दुकानं दुपारीच बंद झाली होती. आगीच्या बंबावर पताका लावून लोक आले होते. पंचवीस मैल बर्फ तुडवत!

कपडे बदलायच्या खोलीत ओपलबाईंची एकच परीक्षा असते. दुखऱ्या पायावर लंगडी घालत भिंतीपासून भिंतीपर्यंत जायचं आणि परत यायचं. रोंडा उठली आणि चिमणीसारखी टुणटुण गेली, परत आली. चेहऱ्यावर एक आठी नाही! पोरींनी टाळ्या पिटल्या. कोचच्या कपाळावरचा घाम एका क्षणात वाळला. मीही मनात म्हटलं, देवा, तू ऐकलंस.

"बस," ओपलबाई म्हणाल्या आणि तिचा पाय मांडीवर घेतला. त्यांचा हात घोट्यावर थांबला. मग दुसऱ्या पायावर गेला. परत आला.

"हा पाय गार आहे."

"बाहेर बर्फ आहे ना, आजी."

"दुसरा पाय पण बाहेरूनच आलाय ना? तो कसा ऊबदार?"

रोंडा पाय सोडवून घ्यायला लागली.

"बुटात बर्फ किती वेळ भरून ठेवलास?"

"वीस मिनिटं," रोंडा पुटपुटली. "पण आजी, खरंच दुखत नाहीये!"

"कसं दुखेल? तुझ्या पायाला आत्ता तू कोण हेसुद्धा ठाऊक नाही." मग ओपलबाईंनी जे केलं, ते मी प्रीतिभोजनातही कधी पाहिलं नव्हतं. स्वतःचा डावा मोजा त्यांनी खाली सरकवला. घोटा कुठे संपतो आणि टाच कुठे सुरू होते ते कळतच नव्हतं. झाडाच्या बुंध्याला गाठ यावी तसा पाय. "एकोणीसशे सव्वीस साली मीही सतरा वर्षांची होते. बुटात बर्फ भरला, खेळले, जिंकलो. शाळेच्या भिंतीवर फोटो आहे ना, तो माझा. पुढच्या वर्षी मुलींचा खेळच बंद केला त्यांनी. फोटो त्यांच्याकडे राहिला, पाय माझ्याकडे."

रोंडाचे डोळे भरले, पण राग काही ओसरला नाही. "तुम्ही खेळलात तरी! मला तेवढंही करू देत नाही!"

ओपलबाईंनी पट्टीचं रीळ न उघडताच पिशवीत टाकलं.

दारावर धाडधाड. रोंडाचा बाप, ड्वेन. "ओपलबाई, मी लिहून देतो! पाय माझ्या पोरीचा, जबाबदारी माझी!"

"ड्वेन, तुझ्या गायीचा पाय मुरगळला तेव्हा आठ दिवस तिला गोठ्यात बांधून ठेवलंस. की नाही?"

"गायीला अंतिम सामना नव्हता!"

पोरी फिस्सकन हसल्या. खरं सांगते, मीही हसले, आणि मनातून ड्वेनच्याच बाजूची होते. एक संध्याकाळ तर होती! पण कोच उलरी भिंतीकडे बघत म्हणाले, "नियम माझा आहे, ड्वेन."

आठ जणींचा आमचा संघ. एक तापाने घरी, रोंडा बाकावर. उरल्या सहा.

आणि काय खेळल्या त्या सहा! मध्यंतराला आम्ही फक्त पाच गुणांनी मागे. माझी संत्री सोलायची राहूनच गेली. तिसऱ्या डावात आमच्या एकीचे पाच फाऊल झाले, ती बाहेर. शेवटच्या डावात बरोबरी झाली, एक्केचाळीस-एक्केचाळीस! आमचे लोक पाय आपटत होते, लाकडी बाकं थरथरत होती. माझा नवरा मर्ल मंडळीत स्तोत्रसुद्धा तोंडातल्या तोंडात म्हणतो, तो खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. एक मिनिट दहा सेकंद उरले असताना शिट्टी वाजली. आमची दुसरी पोर पाच फाऊल होऊन बाहेर. बदली द्यायला कुणी नाही. मैदानावर आमच्या चार, त्यांच्या पाच.

कोच ओपलबाईंपुढे येऊन चक्क गुडघ्यावर बसले. "एक मिनिट, ओपलबाई. नुसती उभी राहील कोपऱ्यात."

"ही? कोपऱ्यात उभी?" ओपलबाई म्हणाल्या. "हिला ओळखता ना तुम्ही?"

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारे, घरी जा आणि कोंबड्या बांध!" ओपलबाईंची मान लाल झाली. पण त्यांचा हात रोंडाच्या गुडघ्यावर होता तो तिथेच राहिला. रोंडाने तो झिडकारला. त्यांनी परत ठेवला.

चौघी उभ्या राहिल्या. हॅलोवेलवाल्यांनी घाई केली नाही. चेंडू इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. तीस सेकंद. वीस. त्यांची चोवीस नंबरची उंच पोर चेंडू घेऊन वळली, आणि बाकावरून रोंडाच्या घशातून किंकाळी फुटली, "टेरी! उजवीकडे! ती नेहमी उजवीकडेच जाते!"

टेरी लिन आमची सगळ्यात लहान, वर्षभरात तिच्या नावावर सहा गुण. तिने विचार केला नाही, नुसता हात उजवीकडे घातला. चेंडू तिच्या हातात! पळाली, अशी पळाली की वेणीची रिबीन मागे गळून पडली. दोन्ही हातांनी चेंडू वर फेकला. तो कड्यावर एक फेरी फिरला, अर्धी आणखी फिरला... आणि आत!

हॅलोवेलने अर्ध्या मैदानावरून शेवटचा चेंडू फेकला. तो फळीवर आदळला आणि भोंगा वाजला. पुढचं मला नीट आठवत नाही. मर्लने कोचचा मुका घेतला, असं लोक म्हणतात.

मग शिडी आली. जिंकलेल्या संघाने कड्याची जाळी कापायची ही रीत, एकेकीने एकेक दोरा. रोंडा शिडीकडे निघाली, आणि ओपलबाई आडव्या आल्या.

"एका पायावर शिडी? मुळीच नाही."

"आजी, आता हेही नाही?!"

"शिडी नाही, एवढंच म्हटलं मी."

तेवढ्यात मैदानावरच्या चौघींनी तिला उचललंच. घामाने निथळलेल्या, दमलेल्या, हसत हसत डुलणाऱ्या चौघी, आणि त्यांच्या खांद्यांवर रोंडा, हातात कात्री. ओपलबाईंशी ती अजून धड बोलत नव्हती. तिने वर हात ताणला, आणि खाली ओपलबाई दोन्ही हात पसरून, लंगडत, तिच्याबरोबर डावीकडे-उजवीकडे सरकत होत्या, जणू त्याच तिला झेलणार होत्या.

"आजी, हात खाली घ्या! लोक बघतायत!"

"बघू देत. तू पायाकडे बघ!"

कच्चकन दोरा तुटला, आणि सगळं सभागृह पुन्हा उभं राहिलं. ओपलबाईंनी हात काही खाली घेतले नाहीत.