धाकट्याच्या नावाची मूठ

यंदाच्या कानबाईला मी माझ्या धाकट्या चुलतभावाच्या नावाची मूठ कमी भरली. खान्देशाबाहेरच्या माणसाला यात काय मोठंसं वाटेल, म्हणून आधी आमची रीत सांगतो.

श्रावणात आमच्या कुळात कानबाई देवी बसते. तिचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायला घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे, वर हरभऱ्याची डाळ. मूठ घरातल्या थोरल्याची. वडील होते तोवर त्यांची होती, आता माझी. जो घरात नाही, कामाला गेला आहे, रस्त्यावर आहे, त्याचीही मूठ भरतात. किंबहुना त्याचीच जास्त सांभाळून भरतात. आणि ते रोट कुळाबाहेर कोणाला द्यायचे नाहीत. उरले तर पुनवेच्या आत घरच्यांनीच संपवायचे.

आमच्या घरात वयाच्या क्रमाने एकेकाचा रोट थापतात. जो घरी नसतो त्याचा शेवटी. यंदा शेवटचा रोट धाकट्याचा होता आणि पीठ कमी पडलं. बाकीचे रोट ताटाएवढे आणि त्याचा बशीएवढा. त्याची बायको तो परातीत घेऊन नुसती बघत राहिली. माझी बायको म्हणाली, "चक्कीवाल्याने पीठ मारलं असेल." चक्कीवाल्याने मारलं नव्हतं. गहू सुपात टाकताना, धाकट्याच्या पाळीला, माझी बोटं आवळली गेली होती. मी मुद्दाम ठरवून केलं नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. बोटं आवळली तेव्हा मला कळलं होतं आणि मी ती सोडली नाहीत.

कारण गाडी.

मी ट्रक चालवतो. मगदल्ल्याच्या जेट्टीवरून कोळसा भरायचा आणि पांडेसऱ्याच्या नाहीतर कडोदऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या मिलांत बॉयलरसाठी खाली करायचा. मिलच्या गेटबाहेर लाईन असते. मार्केट मंद असलं की मिल अर्धीच चालते, कोळसा कोणी लवकर उतरवून घेत नाही आणि आपण उन्हात गाडीत बसून राहायचं. जुनी गाडी, इंजिनाची धग पायाखालून येते. मी चपलेखाली गोणपाट टाकतो, तरी तळवे भाजतात. अंगाला कोळसा कायमचा. बायको बनियन कितीही घासते, दोरीवर ते राखाडीच वाळतं.

लिंबायतला आमची दोन घरं एकाच गॅलरीत, भिंतीला भिंत लागून. मोरी एक, कपड्यांची दोरी एक. मार्चपर्यंत दोरीवर दोघांचेही बनियन राखाडीच असायचे, कारण तोही कोळशावरच होता. त्याला गावाकडून इथे शहरात मीच आणलं. आधी तो कापडाच्या लूमवर होता, कानात कापूस घालून बारा बारा तास. मी त्याला तिथून काढून माझ्या गाडीवर क्लीनर घेतलं, स्टिअरिंग दिलं, लायसन काढून दिलं. तो मला चारचौघांत 'दादा' म्हणतो आणि गाडीत 'उस्ताद'.

मार्चमध्ये आमच्या शेठने नवी गाडी घेतली. मार्केटमधून साड्यांचे पार्सल भरून रायपूरची पक्की लाईन. ठरलेला दिवस, ठरलेला रस्ता, गेटवर ताटकळणं नाही. केबिनला एसी. गाडी यार्डात आली तेव्हा मी तिच्याभोवती दोनदा फिरलो. शेठकडे सगळ्यांत जुना ड्रायव्हर मी. मनात मी चावी खिशात घालून मोकळा झालो होतो.

पूजा झाली. शेठने नारळ माझ्या हातात दिला आणि चावी धाकट्याच्या.

"मोटाभाई, तमे तो घरना माणस छो," शेठ मला म्हणाला. तुम्ही तर घरचे. घरच्या माणसाला नारळ देतात हे तेव्हा कळलं.

मी नारळ फोडला. धाकटा पाया पडला. "उस्ताद, पहिली फेरी तू चल ना सोबत," तो म्हणाला. मी म्हटलं, माझा कोळसा कोण ओतेल?

घरी येऊन बायकोला सांगितलं, की शेठने त्याला दिली. तिने विचारलं, तुम्हाला का नाही? मी म्हणालो, "त्यालाच विचार." एवढंच. तिने पुढचं स्वतः जोडून घेतलं. त्याने शेठचे कान भरले असणार, त्याच्या बायकोची नजर पहिल्यापासून तशीच, आपण हात धरून आणलं आणि त्यानेच हात कापला. मी ऐकत राहिलो. बरं वाटत होतं ऐकायला. दुसऱ्या दिवसापासून तिने धाकट्याच्या बायकोशी बोलणं बंद केलं. मोरीवर दोघी पाठीला पाठ लावून भांडी घासायच्या. कानबाईच्या दिवशीसुद्धा एका परातीत पीठ मळलं, पण "पाणी दे" पोरांकरवी सांगितलं.

बायकोला मी जे सांगितलं नाही ते असं. गाडी यायच्या आधी ती बनवणाऱ्या कंपनीने कडोदऱ्याला दोन दिवसांचा क्लास ठेवला होता. नव्या गाडीत सगळं वेगळं असतं, मोबाईलवर सगळं बघावं लागतं, म्हणून. शेठने सगळ्यांसमोर आधी माझं नाव घेतलं. माझंच. आणि मी म्हणालो, "अर्धं आयुष्य स्टिअरिंगवर गेलं शेठ, आता पाटी-दप्तर घेऊन बसू का?" यार्डातले सगळे हसले. मला ते हसणं आवडलं. धाकटा बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, जाऊन तर ये. नुसतं बसायचं आहे. जेवण पण देणार आहेत." मी म्हटलं, तुला भूक असेल तर तू जा. तो गेला.

म्हणजे चावी त्याने घेतली नव्हती. मीच सोडली होती. तरी दोरीवर त्याचे बनियन पांढरेशुभ्र वाळायला लागले आणि ते मला बघवायचे नाहीत. सकाळी तोंड धुताना नजर आधी तिकडे जायची. रायपूरहून आला की तो पोरांना लांब बाहीच्या शर्टात फिरवायला न्यायचा. थकलेला दिसायचा नाही, याचाही मला राग यायचा. गेटवर चार ड्रायव्हर बोलत असताना कोणी म्हटलं, "तुमचा भाऊ नशीबवान," की मी म्हणायचो, "बघू, किती दिवस." असं मी माझ्या भावाबद्दल बोललो आहे.

कानबाईला तो नव्हता. लाईनची तारीख ठरलेली, देवीसाठी हलत नाही. सोमवारी आम्ही वाजतगाजत कानबाई तापीवर नेली. बाया नाचत होत्या, पोरं नाचत होती आणि त्याची दोन पोरं माझ्या खांद्याशी लोंबकळत विचारत होती, पप्पा आता कुठे असतील? मी म्हणालो, एसीत. पोरं खुश झाली. मी ते चांगल्या मनाने म्हटलं नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी धाकट्याचा फोन त्याच्या बायकोला आला, की परत येतोय पण घरी यायला जमणार नाही, कडोदऱ्यालाच माल उतरवून लगेच दुसरा भरायचा आहे. पुनव जवळ आलेली. त्याच्या बायकोने तो बशीएवढा रोट पांढऱ्या फडक्यात बांधला आणि माझ्या दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, नजर खाली. "दादा, तुमची गाडी आज कडोदऱ्याला जाते ना?" माझी बायको आत होती, ती बाहेर आली नाही. मी पुडकं घेतलं.

दुपारी माझा कोळसा गेटवर लाईनीत लावला, मागच्या ड्रायव्हरला गाडीकडे लक्ष ठेव म्हणून सांगितलं आणि चालत त्याच्या गोडाऊनवर गेलो. धाकटा वर केबिनमधूनच ओरडला, "अरे उस्ताद! ये ये, वर ये. चपला खालीच काढ, हां."

"देवळात आलो का मी?"

"देवळापेक्षा स्वच्छ शे भो. कोळसेवाल्याला एवढं ऐकावं लागेल."

मी चपला काढून चढलो. आत गार हवा. सीट बसल्यावर खाली जाऊन परत वर आली. माझं पहिलं लक्ष गेलं त्याच्या पायांकडे. त्याने मोजे घातले होते. ट्रक चालवताना माणूस मोजे घालू शकतो हे मी कधी मनातही आणलं नव्हतं. माझे तळवे त्या मऊ चटईवर ठेवताना मला लाज वाटली आणि त्या लाजेच्या वर मत्सर वाटला. त्या मोज्यांचा.

रोट बघून त्याने दोन्ही हातांनी कपाळाला लावला. मग उघडला आणि हसायला लागला.

"दादा, मनी मूठ कोणी टाकी? बारक्या पोऱ्याना हात दिखस."

म्हणजे माझी मूठ कोणी टाकली, हात बारक्या पोराचा दिसतो. मग तो म्हणाला, "गावच्या फाट्यावरून गेलो त्या दिवशी. आत वळायची सोय नाही, गाडी थांबली की लगेच ऑफिसातून फोन येतो. फाट्यावर हॉर्न दिला नुसता. म्हटलं, कानबाई, हाजरी लाव."

मग त्याने रोट मोडून अर्धा माझ्यापुढे धरला. "घे. एकट्याने कसं खायचं? इथे कुळातलं कोण आहे दुसरं?"

मी घेतला नाही. त्याने तो परत फडक्यावर ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, एक विचारू? वहिनी माझ्या बायकोशी का बोलत नाही? ती फोनवर रडते. मी काय केलं ते तरी सांग. माफी मागतो."

माफी तो मागणार होता.

"तू काही केलं नाही," मी म्हणालो. "क्लासचं मी घरात सांगितलं नाही. तिला वाटतं तू चावी हिसकावली. मी वाटू दिलं." आणि मग तेही सांगितलं, "मूठ माझीच आहे. बारक्या पोराची नाही."

तो समोरच्या काचेतून गोडाऊनकडे बघत राहिला. हमाल पार्सल फेकत होते. त्याने शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

"एवढंसं कमी टाकून काय मिळालं दादा तुला?" तो शेवटी म्हणाला. हे त्याने खरंच विचारलं होतं, टोमणा नव्हता. "घरी जाऊन वहिनीला सांग. मी नाही सांगणार. तुझं तू सांग." आणि अर्धा रोट परत पुढे केला. या वेळी मी घेतला. आम्ही खाल्ला. वाळून कडक झालेला, त्याने पाण्याची बाटली दिली.

उतरताना तो म्हणाला, "दिवाळीनंतर शेठची दुसरी गाडी येते आहे. क्लास पुन्हा असेल." मी चपला घालत होतो, वर बघितलं नाही. "पाटी-दप्तर मी घेऊन देतो उस्ताद," तो म्हणाला. तेव्हा कुठे त्याचा आवाज थोडा नेहमीसारखा झाला.

संध्याकाळी बायको मोरीवर होती. तिच्या पाठीशी धाकट्याची बायको. मला दोघींसमोर सांगायचं नव्हतं, पण आत बोलावलं तर पुन्हा अर्धंच सांगेन हे मला ठाऊक होतं. म्हणून दारात उभं राहूनच सांगितलं. क्लासचं, यार्डातल्या हसण्याचं, मुठीचं.

बायकोचा हात तव्यावर थांबला. "म्हणजे मार्चपासून मी हिच्याकडे पाठ करून भांडी घासली," ती म्हणाली, "आणि तुम्ही रोज इथेच तोंड धूत होतात?"

"हो."

"आणि तुला माहीत होतं?" तिने वळून धाकट्याच्या बायकोला विचारलं.

"क्लासचं माहीत होतं, ताई. तुम्हाला माहीत नाही हे माहीत नव्हतं. मला वाटलं, माहीत असून रागावल्या."

माझी बायको त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. ताट वाढलं, पण पोराकरवी. तिच्याशी मात्र बोलली. भिंतीपलीकडून दोघींचा आवाज बराच वेळ येत होता आणि मधूनमधून हसण्याचाही, तो माझ्यावरच असणार.

दुसऱ्या दिवशी मी शेठकडे जाऊन क्लाससाठी नाव सांगितलं. यार्डातले पुन्हा हसले. ते आवडलं नाही, पण उभा राहिलो. गाडी मला मिळेल की नाही, माहीत नाही. माझ्यापेक्षा तरुण दोघांनी नावं दिली आहेत.

हे सगळं लिहून मन स्वच्छ झालं असं म्हणता आलं असतं तर बरं होतं. आज सकाळी दोघींनी कपडे एकत्र धुतले, एकाच दोरीवर घातले. मी तोंड धुवायला बाहेर आलो आणि माझी नजर आधी त्याच्याच बनियनवर गेली.